आधी बीपी, मग पोट

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. वय ४१. चार एकर वावर आहे, सोयाबीन-तूर आणि मागून हरभरा. तीन वर्षांपूर्वी बायको वारली. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. तेव्हापासून स्वयंपाक, धुणं, डबे, शाळा, वावर सगळं मीच पाहतो. "बाईशिवाय घर चालते का?" म्हणणाऱ्यांना मी चालवून दाखवलं. शेजारच्या वहिनी मदत करतो म्हणतात, पण मी कोणाचं घेत नाही. या तीन वर्षांत वजन ७४ वरून ८८ झालं. परवा सोयाबीनचं पोतं उतरवताना असा दम लागला की ओट्यावर बसूनच राहिलो. गावातल्या शिबिरात बीपी १५२/९८ निघालं. तालुक्याच्या जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले, पण संध्याकाळी लेकरांना एकटं सोडून जाववत नाही, आठवडाभरात सुटलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसाला तीन-चार होतात, लपवत नाही. लेकरं झोपल्यावर दहाला जेवतो, मग मोबाईल. हरभऱ्याच्या दिवसांत रात्रीच्या लाईनीवर ओलिताला जावं लागते. घरच्या घरी पोट कमी होईल असा व्यायाम सांगा. रात्री मनात एकच येते, मले काई झालं त लेकराइचं कोन पाहीन?

— एक बाप

भाऊ,

व्यायाम सांगते, पण जरा थांबून. तुम्ही विचारलंय पोटाचं, आणि पोटापेक्षा तातडीच्या तीन गोष्टी जाता जाता लिहून टाकल्यात: १५२/९८, चार खर्रे, आणि पोतं उतरवताना लागलेला दम. पोट आरशात दिसतं म्हणून त्याची काळजी वाटते. बीपी दिसत नाही, दुखत नाही, म्हणून शिबिराचा कागद घडी होऊन कुठल्या तरी फायलीत गेला असणार.

शिबिरातल्या एका आकड्यावरून बीपी आहे असं पक्कं म्हणता येत नाही. रांगेत उभं राहून, घाईत, तोंडात खर्रा ठेवून मोजलं की ते चढतंच. पण ९८ हा खालचा आकडा सोडून देण्यासारखाही नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं, तर बीपी आहे असं धरायचं आणि डॉक्टरांनी दिली तर गोळी घ्यायची. तुमच्या गावाचं जे उपकेंद्र असेल, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी फुकट होते. पंचायतीत बसून तुम्ही तिथल्या आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडमना रोज पाहत असाल, नमस्कारही होत असेल. आता पेशंट म्हणून जा. जाण्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा आणि मोजताना बोलू नका. आठवडाभरात असं दोन-तीन वेळा मोजून घ्या, आकडे लिहून ठेवा. त्याच वेळी उपाशीपोटी शुगरही करा. १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायचं, आणि १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जायचं.

दम लागला त्याचं वेगळं सांगते. तो वजनानं असेल, रक्त कमी असेल, हृदयाचंही असू शकतं. घरबसल्या ते कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना पोत्याचा प्रसंग जसाच्या तसा सांगा. तोवर पोती उचलायची नाहीत, जोर-बैठका काढायच्या नाहीत. सपाटीवर आरामात चालायला हरकत नाही. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, गार घाम फुटला, तर गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ लावा. हा नंबर मुलीलाही पाठ पाहिजे. फोन लागल्यावर गावाचं नाव, जवळची खूण, बाबाला काय होतंय, इतकं तिला सांगता आलं पाहिजे. घाबरेल म्हणून टाळू नका. आठवीतली मुलगी तुमच्याइतकंच सगळं पाहते आहे.

आता खर्रा. लपवत नाही लिहिलंत, बरं केलंत. आपल्याकडे खर्रा न खाणारा माणूसच वेगळा पडतो. पाहुणा आला की पुडी पुढे, काम झालं की पुडी, मयतीत पुडी, सोयरीकीत पुडी. त्यामुळे त्याला व्यसन म्हणायला जीभ रेटत नाही. पण तुमच्या बीपीच्या दृष्टीनं पाहा. प्रत्येक खर्ऱ्यासोबत निकोटीन रक्तात जातं, ठोके वाढतात, बीपी चढतं. चार खर्रे म्हणजे दिवसातून चार वेळा. गोळी सुरू झाली आणि खर्रा तसाच राहिला, तर एका हातानं उतरवायचं आणि दुसऱ्यानं चढवायचं. काही जण शहाणपणा करतात, तंबाखू बंद करून नुसती सुपारी ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे. म्हणजे ती पळवाट नाही.

आज रात्री आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःच्याच हाताची तीन बोटं, एकावर एक, उभी आत जातात का पाहा. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, ओढल्यासारखं होत असेल, गालाच्या आत बोट फिरवल्यावर दोरीसारखं कडक लागत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा पूर्वी चालणारा ठेचा आता तोंडात आग करत असेल, तर उपकेंद्रात बीपीसोबत तोंडही दाखवा. तोंड उघडणं कमी होत जाणं हा खर्रा-सुपारीचाच आजार आहे आणि त्यात पुढे कॅन्सरचा धोका असतो. लवकर थांबलात तर वाढ थांबवता येते.

सोडायचा कसा? चारही खर्रे सारखे नसतात. एक जेवणानंतरचा असेल, एक ऑफिसात साईट चालत नाही तेव्हाचा, एक पारावरचा, आणि एक ओलिताच्या रात्री झोप येऊ नये म्हणून. कोणता कधी होतो ते आधी चार दिवस वहीत लिहा, मग एक तारीख ठरवून सगळेच बंद करा. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप येत नाही. मग हळूहळू उतरतं. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात उठायचं, पाणी प्यायचं, दाराबाहेर एक चक्कर मारायची. भाजलेला जवस, ओवा आणि बडीशेप अशी एक डबी खिशात ठेवा. डबी भरायचं काम पोराकडे द्या, म्हणजे तो रोज विचारेल. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाईन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. गरज वाटली तर डॉक्टर निकोटीनचं च्युइंगमही देतात. आणि पोराला पानठेल्यावर पुडी आणायला पाठवत असाल तर ते आजपासून बंद. १८ वर्षांखालच्या पोराच्या हाती तंबाखू विकणं गुन्हा आहे हा एक भाग, पण त्याला त्या ठेल्याची वाट तुम्ही दाखवू नका.

आता तुमचा व्यायाम. ईसीजी नीट येईपर्यंत मात्र फक्त आरामात चालणं, बाकी सगळं त्यानंतर. फक्त पोट कमी होईल असा कोणताही व्यायाम नाही. मोबाईलवर दाखवतात ते पोटाचे पट्टे आणि सात दिवसांचे चमत्कार बाजूला ठेवा. चरबी सगळ्या अंगावरून उतरते आणि पोटावरूनही उतरते, आपल्या मर्जीनं जागा निवडता येत नाही. काटा रोज पाहू नका. शिवणकामाचा टेप घ्या आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता, कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत राहावं असं डॉक्टर सांगतात. तुम्ही आज बरेच पुढे असाल. घाबरू नका, ८८ चे ८३ किलो झाले तरी बीपीत फरक दिसायला लागतो.

आठवड्याला १५० मिनिटं दम वाढेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं मोठ्या माणसाला लागतं. ते एका दमात करायची गरज नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही हिशेबात धरले जातात, आणि तुमच्यासारख्या माणसाला तुकड्यांतच जमणार आहे. वावरात मोटारसायकल घेऊन जाता ना? ती नाल्याच्या अलीकडे लावा, पुढचं पायी. संध्याकाळी पंचायतीतून आल्यावर चूल पेटवायच्या आधी दोन्ही लेकरांना घेऊन जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात जा. पोरगी सायकल चालवेल, पोरगा धावेल, तुम्ही कडेकडेनं फेऱ्या मारा. चालताना मुलीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. तेवढा वेग बरोबर. पायाला सवय झाली की पोरांसोबत लंगडी, लगोरी, कबड्डी खेळा. लेकरांना एकटं सोडून जिमला जाववत नाही हे अगदी खरं आहे, म्हणून तर त्यांना सोबत घ्यायचं. पावसाळ्यात पहाटे अंधारात पांदणीनं जाऊ नका, सापकिरड्याचे दिवस असतात. डांबरी रस्ता, पायात बूट, हातात बॅटरी. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा जे चालायचं ते सूर्य वर यायच्या आत.

ताकदीसाठी मशीन नको. खाटेच्या काठावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, आठ वेळा. ओट्याच्या कडेला हात टेकून, अंग तिरकं ठेवून जोर काढायचे, तेही आठ. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात सावकाश दोन चकरा. थोडं थांबून हेच पुन्हा एकदा. बुधवारी आणि रविवारी, दोन आठवडे असंच, मग दर आठवड्याला एक-दोन वाढवा. श्वास रोखून जोर लावायचा नाही, त्यानं बीपी एकदम चढतं. उठताना श्वास सोडायचा. बीपी ताब्यात आलं की सूर्यनमस्कारही सुरू करा, तेही संथ. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आपल्या भागातल्या कित्येक पिढ्या आखाड्याच्या मातीवर घडल्या, आणि आज आपल्याला वाटतं की आरसे आणि एसी असल्याशिवाय अंग हलवता येत नाही. पंचायतीनं खुल्या व्यायामशाळेचं सामान आणून कुठे गंजत ठेवलं असेल तर त्याची नोंद तुमच्याच कॉम्प्युटरवर सापडेल. तेवढं सरपंचांच्या कानावर घाला.

खाण्याचं थोडक्यात. लेकरांच्या ताटातलं उरलेलं तुम्ही संपवता, हे तुम्ही लिहिलं नाही, पण एकट्यानं लेकरं वाढवणारा प्रत्येक माणूस ते करतो. टाकायला जीव होत नाही, मग पोटात टाकतो. वाढतानाच कमी वाढा. उरलं तर झाकून ठेवा किंवा गाईला द्या. दहाला एकटं जेवण्याऐवजी साडेसातला लेकरांसोबत बसा. एवढ्यानंसुद्धा फरक पडेल, कारण दहाला बसणारा माणूस भुकेला आणि थकलेला असतो, दोन घास जास्तच जातात. मिठाचा पुडा आणाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा, इतकंच मीठ पुरतं. त्या हिशेबानं तिघांच्या घरात एक किलोचा पुडा दोन महिन्यांच्या वर टिकायला हवा, आणि लोणचं, पापड, शेव-चिवड्यातलं मीठ त्यातूनच वजा करायचं. तेल तिघांना महिन्याला दीड लिटर. तर्री आवडते हे मला न सांगता कळतं. महिन्यातून एखाद्या वेळी खा, बाकी दिवस वरचा लाल थर काढून ठेवा.

वरण पातळ करू नका. भातावर ओतायचं पाणी न होता ते वाटीत उभं राहील असं घट्ट ठेवा. रात्री मूठभर हरभरे किंवा बरबटी भिजत घातली की सकाळी कुकरच्या एका डब्यात उसळ, दुसऱ्यात वरण, तिसऱ्यात भात, एकाच वेळी तिन्ही कामं होतात. अंडी चालत असतील तर उकडून. भाकर ज्वारीची, सोबत अंबाडी, चवळी, पालकाची डाळभाजी, मुंगण्याच्या शेंगा, जे दारात मिळेल ते. सोयाबीन पिकवता आणि सगळं विकता. त्यातलं थोडं घरी ठेवा, नीट भाजून गव्हात मिसळून दळा, दहा किलोला एक किलो पुरे. कच्चं दळू नका, पचत नाही. ऑफिसातला चहा किती होतो हेही एकदा मोजा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल तर तीच पोटावर बसते.

झोप. मोबाईल दहाला ठेवून द्या, यात सांगण्यासारखं नवीन काही नाही. ओलिताच्या रात्री मात्र मोठ्या आहेत. स्प्रिंकलरचे पाईप बदलत रात्र काढायची, सकाळी डबे करायचे आणि अकराला पंचायतीत बसायचं, असं आठवडाभर चाललं की बीपी उतरत नाही, खर्राही सुटत नाही. त्या आठवड्यात व्यायामाचा आग्रह धरू नका. दुपारी अर्धा तास झोप मिळाली तर घ्या. आणि रोज तुम्हीच का जाता, हे मला विचारायचं आहे.

कारण तुमचं खरं दुखणं मला तिथे दिसतं. "मी कोणाचं घेत नाही." भाऊ, आपल्या गावात नवऱ्यामागे लेकरं वाढवणाऱ्या बाया ढीगभर आहेत. त्यांना कोणी शाबासकी देत नाही, ती तर करतेच म्हणतात. तुम्ही पुरुष असून करता म्हणून गाव कौतुक करतं, आणि ते कौतुक टिकवायला तुम्ही तीन वर्षं एकटे ओढत आहात. ज्यांना दाखवून द्यायचं होतं त्यांना दाखवून झालं. आता वहिनींनी भाजी पाठवली तर घ्या.

फुकट घ्यायचं जड जात असेल तर सावड करा. डवरणीला, सोंगणीला आपण सावडीनं एकमेकांच्या वावरात जातो, त्यात कोणाला लाज वाटत नाही. लेकरांच्या बाबतीत का वाटावी? तुमच्या हातात अशी कला आहे जी अख्ख्या गावाला लागते: पीक विमा, ई-पीक पाहणी, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज. शेजाऱ्यांचे ते कागद घरी बसून करून द्या, आणि बुधवारी-रविवारी संध्याकाळचा एक तास त्यांनी लेकरांकडे पाहायचं. शेजारच्या वावरवाल्याशी बोला, एक रात्र तुम्ही दोघांच्या स्प्रिंकलरवर, एक रात्र तो. जागायच्या रात्री निम्म्या होतील. ज्या रात्री तुम्ही वावरात असाल त्या रात्री लेकरांनी कोणाचं दार ठोठवायचं हे त्या घराशी बोलून पक्कं करा आणि लेकरांना सांगा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही, पण आज रात्रीपुरतं उत्तर एवढ्यानं मिळतं.

घरातली कामं वाटताना एक सांभाळा. मुलगी मोठी होतेय म्हणून स्वयंपाक हळूहळू तिच्या अंगावर सरकू देऊ नका. ताटं पोरानं घासली तर काही बिघडत नाही, तिसरीतला मुलगा लसूण सोलू शकतो, पाणी भरू शकतो. मुलीशी पाळीबद्दल बोलणं तुम्हाला अवघड जात असेल तर आशाताईंना एकदा घरी बोलवा. तिचं हिमोग्लोबिनही त्याच तपासून घेतील किंवा कुठे तपासायचं ते सांगतील.

आणि एक अर्ज तुम्ही अजून भरलेला नसणार, दुसऱ्यांचेच भरण्यात वेळ जातो म्हणून. आई किंवा वडील यांच्यापैकी एक नसलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांपर्यंत दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आणि ती फक्त विधवांसाठी नाही, एकटा बापही अर्ज करू शकतो. दोन लेकरांचे साडेचार हजार आले तर ओलिताच्या रात्री मजूर लावता येतो, दूध-अंडी वाढवता येतात. अटी आणि कागद जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि आधार यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. कक्ष वर्ध्यालाच आहे. ग्रामीण रुग्णालयानं पुढच्या तपासणीला सेवाग्राम किंवा सावंगीच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं, तर त्याच फेरीत तेही काम उरकून या.